‘त्याला घाम बी येत नाही, तुलाच कसा उन्हाळा?’

वाचकाचं पत्र

नमस्कार मॅडम. आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. घरात तेलुगू बोलतो, पण माझी शाळा मराठी, म्हणून मराठीत लिहिते. माझं वय ३७. मालक लूमवर आहेत, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. मी घरी विड्या वळते. दोन खोल्या, वर पत्रा. सासूबाई, दोन मुलं आणि धाकटे दीर धरून आम्ही सहा जण.

होळी झाली की दरवर्षी माझं डोकं बिघडतं. रात्री झोप येत नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही अवेळी, त्या रात्री तर जागरणच. दिवसभर चिडचिड, छातीत धडधड, जेवण नको वाटतं. पावसाळा लागला की आपोआप बरं वाटतं. परवा थोरला दुपारी सारखा फ्रिजचं दार उघडून उभा राहत होता. १५ वर्षांचा आहे, दहावीची परीक्षा दिलीय. मी हातातलं उलथणं फेकून मारलं. कानाजवळून गेलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. सगळं सोडून कुठंतरी निघून जावं वाटतं.

सासूबाई म्हणतात, “उन्हाळा काय तुला एकटीलाच आहे का? त्याला बघ, घाम बी येत नाही, गप बसतंय.” त्याला म्हणजे दिरांना. त्यांना आठ वर्षांपासून डोक्याच्या गोळ्या चालू आहेत. एका पाकिटावर लिथियम लिहिलंय, एक रात्रीची आहे, आणि हात थरथरू नयेत म्हणून एक बारकी पांढरी. मागच्या मे महिन्यात त्यांना उलट्या-जुलाब झाले, हातातून चमचा पडायचा, चालताना तोल जायचा. सलाईन लावलं, ऊन बाधलं म्हणाले. मी काय करू? मी वाईट आई झालेय का?

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न तुम्ही स्वतःबद्दल विचारलाय आणि त्याचं उत्तर मी सावकाश देणार आहे. पण शेवटी दिरांबद्दल जाता जाता जे लिहिलंत ते आधी घेते, कारण त्याला थांबून चालणार नाही.

दिरांना घाम येत नाही हा सासूबाईंना सोशिकपणा वाटतो. मला ते वाचून धास्ती वाटली. आपलं अंग गार राहतं ते घामावर. सोलापूरच्या कोरड्या हवेत घाम कधी आला नि कधी वाळला हे कळतसुद्धा नाही, पण तो वाळतो म्हणून तर आपण ४२-४३ अंशांत तग धरतो. हात थरथरू नयेत म्हणून जी बारकी गोळी देतात ती बहुतेकदा ट्रायहेक्सिफेनिडिल असते. तिच्यामुळं घाम कमी होतो, तोंडाला कोरड पडते. रात्रीची गोळी कुठली आहे हे मला माहीत नाही, पण अशा आजारात दिल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्या शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या यंत्रणेत ढवळाढवळ करतात. म्हणजे माणूस गप बसलेला दिसतो, पण तो आतून तापत असला तर ते त्याला स्वतःलाही उशिरा कळतं.

दुसरी गोष्ट लिथियमची. हे औषध फार चांगलं आहे. मन एकदम उंच उडणं आणि एकदम खोल जाणं, या दोन्हीला ते वर्षानुवर्षं आवर घालतं. पण ते एक प्रकारचं क्षारच आहे, आपल्या मिठाच्या कुळातलं, आणि मूत्रपिंडाला मीठ आणि लिथियम यांत फारसा भेद करता येत नाही. घामावाटे, जुलाबावाटे अंगातलं पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंड उरलेलं मीठ धरून ठेवायला लागतं, आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. गोळी रोजचीच, तेवढीच. तरी रक्तातलं प्रमाण चढत जातं. ते चढलं की उलट्या-जुलाब होतात, त्यानं आणखी पाणी जातं, आणि प्रमाण आणखी चढतं.

मागच्या मे महिन्यात दिरांना नेमकं काय झालं होतं हे मी इथं बसून ठरवू शकत नाही. पण हातातून चमचा पडणं, तोल जाणं, उलट्या, जुलाब, जीभ जड होणं, सारखी गुंगी येणं ही सगळी लिथियम वाढल्याची लक्षणं आहेत. लिथियम घेणाऱ्या माणसाला असं झालं तर नुसतं ऊन बाधलं म्हणून सोडून देता येत नाही. रक्त तपासावं लागतं. ते तेव्हा झालं होतं का, हे तुमच्या पत्रात नाही, म्हणून विचारते: शेवटची लिथियमची तपासणी कधी झाली? साधारण तीन ते सहा महिन्यांनी ती करायची असते, आणि मूत्रपिंड व थायरॉइडचीही अधूनमधून. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी असेल तर ती घ्यायच्या आधी रक्त देतात. बहुतेकांचं प्रमाण ०.६ ते १.० (रिपोर्टवर mmol/L किंवा mEq/L) च्या आसपास ठेवतात. दीडच्या वर गेलं की त्रास दिसू लागतो, काहींना त्याच्या आधीही. बघा, गुण येणं आणि बाधणं यांत अंतर किती थोडं आहे.

पण म्हणून गोळ्या तुमच्या मनानं बंद करू नका. हे मी दोनदा सांगते, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात ‘गोळ्या उष्ण पडतात’ म्हणून त्या बंद करायची फार सवय आहे. लिथियम एकदम तोडलं की जुना आजार उसळून वर येतो. उलट्या, जुलाब, थरथर, तोल जाणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, दारातच ‘लिथियम चालू आहे’ असं सांगा, आणि पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून देऊ नका, त्यांनीही लिथियम वाढतं. पाणी त्यांना तहान लागायची वाट न बघता दर तासा-दीड तासानं हातात द्या. मीठ मात्र रोजच्याइतकंच असू द्या. एकदम वाढवायचं नाही, एकदम तोडायचं नाही. बडबड असंबद्ध झाली, अंग भट्टीसारखं तापलं, शुद्ध हरपायला लागली, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी मारून वारा घाला. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

आता तुम्ही.

‘सगळं सोडून निघून जावं वाटतं’ असं लिहिलंत. चार दिवस माहेरी जाऊन यावं, असं आहे का ते? की जगूच नये, असं? मी सरळ विचारते. असं विचारल्यानं मनात नसलेला विचार कुणाच्या मनात येत नाही. ज्याच्या मनात तो आधीपासून आहे त्याला मात्र तोंड उघडायला जागा मिळते. दुसरं असेल तर हे पत्र इथंच खाली ठेवा आणि मालकांना किंवा तुम्हाला जवळच्या वाटणाऱ्या कुणालाही आजच सांगा. घरातल्या सगळ्या गोळ्या मालकांच्या ताब्यात द्या. १४४१६ या नंबरवर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत. मराठीत बोलता येतं, तेलुगूतही बोलता येतं. सिव्हिलचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. आणि नुसतं चार दिवस सुटका हवी, एवढंच असलं, तरी तो नंबर तुमच्यासाठीही आहे. एकदम टोकाला गेलेल्यांसाठीच तो असतो असं समजू नका.

तुम्ही वाईट आई नाही. पण उलथणं फेकलंत ती चूक होती, हे मी गोड करून सांगणार नाही. दोन बोटं अलीकडं लागलं असतं तर डोळा गेला असता, हे तुम्हाला माझ्याआधी कळलंय, म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंत. ते उलथणं तुमच्या हातून कसं सुटलं, हे मात्र नीट बघायला हवं, नाहीतर पुन्हा सुटेल.

झोप लागायला अंगाचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. दिवस मावळल्यावर शरीर हातापायांच्या कातडीतून उष्णता बाहेर टाकून ते काम करतं. खोलीच तापलेली असेल तर ती टाकायची कुठं? मग डोळा लागतो तो पहाटे तीन-साडेतीनला, आणि पाचला उठायचं असतं. अशा चार रात्री ओळीनं गेल्या की रागाला धरून ठेवणारा हात सैल पडतो. छातीत धडधड, अन्नावरची वासना जाणं, बारीकसारीक आवाज सहन न होणं, हे सगळं त्याच्यामागोमाग येतं. होळीपासून आजपर्यंत पुरी झोप झालेल्या रात्री मोजा. मला वाटतं एका हाताची बोटं पुरतील.

माझं लहानपण साखर पेठेतल्या एका वाड्यात गेलं. उन्हाळ्यात पुरुष आणि मुलगे गच्चीवर झोपायचे, बायका आणि मुली माजघरात. माजघराला खिडकी नव्हती. आई आम्हा तिघींना ओळीनं झोपवून मध्ये बसायची आणि हातपंख्यानं वारा घालायची. कधीही जाग आली तरी तो पंखा हलत असायचा. कधी तो तिच्या पेंगेत थांबायचा, आमच्यातली कुणी चुळबुळली की पुन्हा सुरू व्हायचा. आणि दिवसा हीच आई इतकी तापट, की मे महिन्यात तिच्यासमोर जायला आम्ही घाबरायचो. मावशीकडे तक्रार करायचो की आई उन्हाळ्यात वाईट होते. या कामात पडल्यावर, चाळिशी उलटल्यावर एकदा माझ्या डोक्यात हे दोन्ही एकत्र आलं: ती झोपतच नव्हती. तेव्हा ती गेलेली होती. तुमचा मुलगा आत्ता तुमच्यासमोर आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर रात्रीचं आहे. मन शांत ठेवा, प्राणायाम करा, हे मी नंतर सांगेन किंवा सांगणारही नाही. आधी तुमची रात्र वाचली पाहिजे.

घरात सगळ्यात वाऱ्याची जागा कुठली, आणि तिथं कोण झोपतं? तुमच्या गल्लीत पुरुष बाहेर बाज टाकत असतील आणि बायका आत पत्र्याखाली, असा माझा अंदाज आहे. बाहेर झोपायची तुम्हाला सोय नसेल, लाज वाटत असेल, भीती वाटत असेल, तर ते मला समजतं. मग दारासमोरची, पंख्याखालची जागा तरी तुमची असू द्या. निदान मालकांची रात्रपाळी नसते त्या आठवड्यात दाराच्या बाहेर त्यांनी बाज टाकावी आणि दार उघडं ठेवून तुम्ही उंबऱ्याच्या आत झोपावं. हे मागायला संकोच करू नका. घरात दिवसभर राबणाऱ्या माणसाची ती गरज आहे.

पत्र्याचं एक बरं असतं. स्लॅब मध्यरात्र उलटली तरी आग ओकत राहतो, पत्रा अंधार पडल्यावर लवकर निवतो. खरा त्रास दिवसाचा. वरून पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारून घ्या. पांढरा रंग ऊन परतवतो आणि खर्च फार येत नाही. पत्रा मजबूत आहे ना, हे बघूनच कुणाला वर चढवा, आणि तेही पहाटे. सकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम लागायला लागली की खिडक्या-दारं लावून पडदे ओढा; पत्र्याखाली आतच जास्त तापत असेल तर नुसते पडदे ओढा आणि वारा खेळता ठेवा. लावलेली दारं उघडायची ती दिवस कलल्यावर. रात्री खिडकीवर ओला पंचा पिळून टाका. चादर टाकू नका. आपली सोलापुरी चादर पाणी छान धरते, पण वाराही अडवते. झोपायच्या आधी हातपाय, मान, तोंड धुवा. बाहेर उन्हात ठेवलेल्या बॅरलचं पाणी रात्री दहालासुद्धा कढत असतं, म्हणून सकाळीच एक बादली आतल्या खोलीच्या कोपऱ्यात भरून झाकून ठेवा. बर्फाचं पाणी नको, साधंच पुरतं. जूनच्या तोंडाला ढग येऊन हवा दमट झाली की ओल्या पंचाचा उपयोग कमी होईल. तेव्हा कोरडा वारा बरा.

पाण्याची रात्र. ही एकट्यानं करायची गोष्टच नाही. मालक दिवसपाळीला असतील तर एक खेप त्यांची, एक थोरल्याची. रात्रपाळीला असतील तर तुमची आणि थोरल्याची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्हाला दोन तास कुणी उठवायचं नाही, असं सासूबाईंच्या देखत ठरवा. पण दिरांना पाण्यासाठी उठवू नका. घरात मोकळा धडधाकट माणूस आहे म्हणून तो मोह होईल. त्यांच्या आजारात एक-दोन रात्रींचं जागरणसुद्धा मन एकदम चढवायला पुरतं. त्यांची झोप हे त्यांचं अर्धं औषध आहे.

विड्यांचं काम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी सांगते. मांडीवर सूप घेतलं की तंबाखू उडतो, म्हणून पंखा बंद. म्हणजे ऐन दुपारी, पत्र्याखाली, पंख्याविना तुम्ही चार-पाच तास बसता. शिवाय कोरड्या हवेत भिजवलेली पानंही लवकर कडक होतात नि फुटतात. हे काम पहाटे पाच ते दहा आणि मग संध्याकाळी असं वाटून घेता येतंय का बघा. आकडा काही दिवस थोडा घसरेल. मजुरी हजारावर मिळते, हे मला ठाऊक आहे आणि मी हे सहज सुचवत नाही. पण मे महिन्याचे चार-पाच आठवडे तरी जमवा. शक्य असेल तर जिथं झोपता त्या खोलीत तंबाखू ठेवू नका. तंबाखूचा अंश कातडीतून आणि धुळीतून थोडाफार अंगात जातो, आणि तो झोप उडवणारा असतो. छातीतल्या धडधडीला त्याचाही हातभार असू शकतो. काम संपल्यावर कोपरापर्यंत हात साबणानं धुवा, मगच भाकरीला हात लावा. मिश्री लावत असाल तर निदान संध्याकाळनंतर लावू नका. चहाही चारनंतर नको.

जेवण जात नाही म्हणता, तर ताटभर जेवायचा हट्ट सोडा. ज्वारीची आंबील, ताक, कैरीचं पन्हं, भाकरी ताकात कुस्करून, असं थोडं थोडं दिवसातून पाच वेळा. उपाशी पोटी राग लवकर चढतो.

आता ‘दरवर्षी होळीनंतर बिघडतं आणि पावसाळ्यात बरं होतं’ हे तुमचं वाक्य. ते फार मोलाचं आहे आणि डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. ऋतूबरोबर येणाऱ्या औदासीन्याचं वर्णन १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं, तेव्हा ते थंडीतल्या अंधाऱ्या दिवसांचं होतं: खूप झोप, खूप खाणं, अंगात जडपणा. १९८७ मध्ये टॉमस वेहर आणि रोझेंथल यांनी उलटा प्रकारही मांडला, उन्हाळ्यात येणारा. त्यात झोप जाते, भूक जाते, आणि माणूस उदास बसण्यापेक्षा तगमगतो, चिडतो. तुम्हाला तेच आहे असं मी म्हणत नाही. पण वर्षानुवर्षं ठरलेल्या महिन्यात येणारी गोष्ट ही स्वभाव म्हणून सोडून द्यायची नसते. आणि गोळ्या लागल्या तर लागल्या. दिरांना लागतात, तुम्हालाही काही महिने लागू शकतात, त्यात बट्टा लागण्यासारखं काही नाही.

त्याचबरोबर थायरॉइड तपासून घ्या. ती ग्रंथी जास्त चालायला लागली तरी उकाडा सोसत नाही, धडधडतं, झोप उडते, चिडचिड होते, वजन उतरतं. ३७ वर्षांच्या बाईनं हे सगळं सांगितलं तर रक्ताची ती एक तपासणी व्हायलाच हवी. हिमोग्लोबिनही बघून घ्या.

आता थोरला. फ्रिजचं दार उघडून तो का उभा राहतो हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या घरात दुपारी दोन वाजता गार असलेली ती एकच जागा आहे. त्यात निकालाची टांगती तलवार. त्याच्याशी आज बोला, पण सगळ्यांसमोर नको. तो जेवताना शेजारी बसा. ‘मी उलथणं फेकलं. ते चुकलं. तुला लागलं असतं. पुन्हा असं करणार नाही.’ एवढंच. ‘पण तू सुद्धा’ हे शब्द त्याला जोडू नका, झोपेचं कारणही त्या वेळी सांगू नका, ते नंतर. तो काही बोलणार नाही, मान खाली घालून जेवत राहील. राहू द्या. दुसऱ्या दिवशी त्याला एक खूण सांगून ठेवा: आई ओला पंचा डोक्यावर टाकून मागच्या दारात बसली की पंधरा मिनिटं तिला कुणी हाक मारायची नाही. आणि राग हातात उतरतोय असं वाटेल तेव्हा तुम्ही हातातली वस्तू खाली ठेवून खरंच तिथं जाऊन बसा. मानेवर पाणी घ्या. काही सेकंदांत उतरेल असं नाही, पण हात मोकळा असेल.

दुपारी घराबाहेर थंड बसायला मिळेल अशी जागा त्याला शोधून द्या. एखादं वाचनालय, मित्राचं स्लॅबचं पण खालच्या मजल्यावरचं घर, कुठंही. जाणं-येणं मात्र अकराच्या आत आणि पाचच्या नंतर. आणि आठवड्यातून एकदा तरी साडेसहानंतर सगळे मिळून सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जाऊन बसा. पाण्यावरून येणारा वारा तासभर अंगावर घेतलेल्या दिवशी रात्री डोळा लवकर लागतो, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. विड्यांचं सूप त्या दिवशी बाजूला.

सासूबाईंचं बोलणं मनाला लागलंय हे दिसतं. त्या म्हणतात त्यात खोटं काही नाही, उन्हाळा सगळ्यांना आहे. पण पाण्याच्या रात्री जागतं कोण, पंखा बंद करून बसतं कोण, हे त्यांना कुणी मोजून दाखवलेलं नाही. भांडू नका. त्यांना दिरांच्या घामाचं आधी सांगा. मुलाच्या काळजीनं त्या ऐकतील आणि मग तुमचंही ऐकतील. त्यांच्याकडेही लक्ष ठेवा. वय झालं की तहान कमी जाणवते, त्यामुळं ‘मला काही होत नाही’ म्हणणारी म्हातारी माणसंच उन्हाळ्यात आधी कोलमडतात. माठ त्यांच्या हाताशी ठेवा.

येत्या सोमवारी सकाळी दिरांना घेऊन छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलला, मानसोपचार विभागात जा. त्यांचे नेहमीचे डॉक्टर दुसरीकडे असतील तर त्यांच्याकडे. लवकर निघा, ऊन चढायच्या आत रांग लागलेली बरी. दिरांनी रात्रीची गोळी किती वाजता घेतली ते कागदावर लिहून घ्या, सकाळची असेल तर सोबत न्या आणि रक्त दिल्यावर घेऊ द्या. सगळी पाकिटं, जुने कागद, पाण्याची बाटली. केसपेपर दोन काढा, एक त्यांच्या नावाचा आणि एक तुमच्या. दुसऱ्यासाठी लाजू नका, तिथं आलेल्या बऱ्याच बायका कुणाची तरी सोबत म्हणूनच आलेल्या असतात. थोरल्याला बरोबर घ्या, तो रांगेत उभा राहील. लिथियमचा आकडा किती आला आणि तुमच्या थायरॉइडचं काय निघालं, ते मला दोन ओळीत कळवा. मी वाट बघते.